परिषद तालुक्याला भरावी

हिवाळा सुरू झाला की आमच्या प्रशिक्षण विद्यालयाच्या सूचनाफलकावर नागपूर, वर्धा, पुणे, मुंबई इथल्या परिचर्या परिषदांची निमंत्रणे लागू लागतात. यवतमाळ जिल्ह्यात परिचारिका आणि आरोग्यसेविका घडवण्याचे काम करणारी पाठ्यनिर्देशिका म्हणून मला या परिषदांबद्दल मनापासून आदर आहे, कारण माझ्या शिकवण्यात जे काही नवे आले त्यातले बरेचसे अशाच ठिकाणी ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींमधून आले. मात्र तिथे जातात त्या बहुतांशी महाविद्यालयांतील अध्यापिका आणि पदव्युत्तर विद्यार्थिनी. जिच्या हातावर बाळंतपण होते ती उपकेंद्रावरची आरोग्यसेविका आणि ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात रात्रपाळी करणारी अधिपरिचारिका तिथे क्वचितच दिसते, आणि दिसली तरी शेवटच्या रांगेत, प्रमाणपत्र मिळेपर्यंत शांत बसलेली दिसते. परिचर्या आणि प्रसूतिसेवेचे शिक्षण आपल्या भागात खरोखर पुढे न्यायचे असेल, तर परिषद तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत भरली पाहिजे आणि बोलणाऱ्यांमध्ये या दोघी असल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कशावरून झाले, ते सविस्तर लिहिते.

आपल्या व्यवसायाचे शिक्षण एकत्र जमण्यातूनच उभे राहिले आहे. १९०५ मध्ये लखनौला परिचारिका अधीक्षकांची संघटना स्थापन झाली, आणि तिच्यातूनच १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया आकाराला आली. १९१० पासून तिचे नियतकालिक निघू लागले आणि १९२९ मध्ये विद्यार्थी परिचारिकांची शाखा सुरू झाली. त्या काळी कोणत्या रुग्णालयात मुलींना काय आणि किती काळ शिकवायचे, हे ज्या त्या रुग्णालयाच्या मर्जीवर असे. देशभर शिक्षणाचा एकच दर्जा असावा आणि नोंदणी असावी, ही मागणी या संघटनेने आणि तिच्या अधिवेशनांनी लावून धरली. भारतीय परिचर्या परिषदेचा, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा, कायदा १९४७ चा आहे, आणि त्याच्या मागे एकत्र बसलेल्या परिचारिकांची कित्येक वर्षे आहेत. हा इतिहास मी पहिल्या वर्षाच्या मुलींना आवर्जून सांगते, कारण अधिवेशन म्हणजे सत्कार आणि जेवण अशी समजूत एकदा झाली की ती पुढे नोकरीभर टिकते.

नवे ज्ञान आजही मोठ्या मेळाव्यांतच जाहीर होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या जागतिक अधिवेशनाच्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि ती तयार करण्यात प्रसविकांचा, म्हणजे मिडवाइफचा, आंतरराष्ट्रीय महासंघही सहभागी होता. पाचशे मिलिलिटर रक्त जाईपर्यंत थांबू नका. तीनशे मिलिलिटर रक्त गेले असेल आणि त्याच वेळी नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल, तर लगेच उपचार सुरू करा, असा त्याचा गाभा आहे. आमच्या भागातल्या बाळंतिणींमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की हे वाक्य जणू त्यांच्यासाठीच लिहिले असावे, असे मला वाटले. पण केप टाऊनहून हे वाक्य आमच्या जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या उपकेंद्रात कोणत्या वाटेने पोहोचणार? परिपत्रकाने पोहोचेल, यथावकाश. परिपत्रक वाचून हात बदलत नाहीत, हे मात्र शिकवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते.

हात कसे बदलतात, ते मी आमच्या तालुक्यातल्या एका मेळाव्यात पाहिले. जिल्ह्यातल्या काही अधिपरिचारिका, आरोग्यसेविका, आरोग्य सहाय्यिका आणि आमच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी असा तो छोटेखानी मेळावा होता, ग्रामीण रुग्णालयाच्या बैठकीच्या खोलीत भरलेला. आम्ही सुरुवातीला एकही व्याख्यान ठेवले नाही. एका सहकारी अध्यापिकेने कुंकू आणि खाण्याचा रंग घालून लाल पाणी तयार केले, मोजून पाचशे मिलिलिटर घेतले आणि जुन्या सुती लुगड्याच्या घडीवर हळूहळू ओतले. घडीने ते पाणी पिऊन टाकले. मग तेवढेच पाणी फरशीवर ओतले, आणि तेवढेच एका ट्रेमध्ये. तिन्ही ठिकाणी किती रक्त गेले असेल, हे प्रत्येकीने शेजारणीशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचे होते. लुगड्यापुढे बहुतेकींनी दोनशे, अडीचशे, फार तर तीनशे लिहिले. फरशीवरच्या थारोळ्यापुढे काहींनी चक्क एक लिटर लिहिले. वीस-बावीस वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईंचा अंदाजही लुगड्यापुढे निम्म्यावर आला, तेव्हा खोलीत कुणी हसले नाही. प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे आपापले एखादे लुगडे आले असणार.

नजरेचा अंदाज कमी पडतो, हे पुस्तकात लिहिलेलेच आहे आणि मी ते अनेक तुकड्यांना शिकवलेही आहे. पण त्या दिवशी चिठ्ठ्या उलगडल्यावर आरोग्यसेविकांनी स्वतःहून विचारले, मोजायचे कशाने? तिथून पुढे दोन तास जे बोलणे झाले, तसे मला वर्गात कधी साधले नव्हते. मी त्यांना बेळगावच्या ग्रामीण भागातल्या अभ्यासाविषयी सांगितले, जो २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १६२० स्त्रियांची बाळंतपणे सहाय्यक परिचारिका प्रसविकांनी, म्हणजे आपल्याच आरोग्यसेविकांसारख्या स्त्रियांनी, केली होती. गर्भाशय आकुंचित करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिलेल्या स्त्रियांमध्ये अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. रक्त मोजण्यासाठी त्यांनी बाळंतिणीच्या खाली पसरायची, टोकाला खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली होती. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ऐंशी रुग्णालयांत झालेल्या मोठ्या अभ्यासात अशाच मोजपिशवीमुळे अतिरक्तस्राव वेळीच ओळखला जाण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले. ओळखल्याबरोबर गर्भाशयाला मालीश, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकदम सुरू केल्यामुळे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. बेळगाव आमच्यापासून दूर असले तरी तिथली आरोग्यसेविका आमच्या ओळखीची आहे. जगाने ज्याची दखल घेतली त्या कामात आपल्यासारखीच्या हातांचा वाटा आहे, हे कळल्यावर खोलीतल्या बायकांच्या बसण्यातही फरक पडला, हे मी पाहिले.

त्याच मेळाव्यात एका ज्येष्ठ आरोग्यसेविकेने आपला अनुभव मांडला. तिचे उपकेंद्र कोलाम पोडांच्या, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांच्या, भागात आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात, आणि तिथल्या बायका दवाखान्यात बाळंतपणाला यायला तयार होत नाहीत, अशी तक्रार आमच्याकडे वर्षानुवर्षे होत आली आहे. या बाईंनी सांगितले की सुरुवातीच्या काळात एक पहिलटकरीण कळा देत असताना टेबलावर चढायलाच तयार होईना, तेव्हा सोबत आलेली पोडावरची सुईण त्यांना म्हणाली, “बाई, तिले खाली बसू द्या ना, वर कायले चढवता?” त्यांनी स्वच्छ चादर अंथरून तिला खाली उकिडवे बसू दिले, सुईण पाठीमागून धरून बसली आणि बाळंतपण सुखरूप झाले. त्यानंतर त्या असेच करू लागल्या. पण वरिष्ठांपुढे हे कधी बोलल्या नाहीत, कारण प्रशिक्षणात शिकवले होते टेबल, आणि तपासणीला येणारे पाहत होते टेबल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतिसेवेविषयीच्या शिफारशी मी त्या वेळी सोबत नेल्या होत्या. बाळंतिणीला हवी ती स्थिती घेऊ द्यावी, उभे किंवा बसून कळा देण्यास उत्तेजन द्यावे, तिच्या पसंतीची सोबतीण जवळ असू द्यावी, बाळाच्या वाटेला सरसकट छेद देऊ नये, आणि बाळ बाहेर यावे म्हणून वरून पोट दाबू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एका स्त्री नातेवाईकाला थांबू देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिलेली आहे. म्हणजे पोडावरच्या सुईणीने जे सांगितले आणि या आरोग्यसेविकेने जे मुकाट्याने केले, ते आज प्रमाणभूत ज्ञान आहे. आणि आमच्या विद्यालयातल्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत मात्र पाय अडकवायचे टेबल आणि त्यावर उताणी झोपवलेली पुतळी, एवढेच अजून चालू होते. त्या दिवसानंतर आम्ही प्रात्यक्षिकात जमिनीवरची गादी आणली आणि कुशीवर, उकिडवे, गुडघ्यांवर अशा स्थितींत बाळंतपण कसे सांभाळायचे, हे मुलींना शिकवू लागलो. पोट दाबण्याविषयीचा वाद मात्र त्या दिवशी मिटला नाही. काही अधिपरिचारिकांचे म्हणणे असे होते की बाळाचे ठोके मंदावले, डॉक्टर पोहोचलेले नाहीत आणि नातेवाईक दारात ओरडत आहेत, अशा वेळी हात आपोआप पोटावर जातो. त्यांचे म्हणणे मी समजू शकते, तरी ते करू नये या मतावर मी कायम आहे, कारण त्याने गर्भाशयाला आणि बाळाला इजा होते आणि शिफारशीतही त्याला जागा नाही. असा मतभेद उघड बोलला जाणे हेच शिक्षणाच्या दृष्टीने मोलाचे आहे, आणि तो दोनशे जणींच्या सभागृहात, सूत्रसंचालक घड्याळ पाहत असताना बोलला जात नाही.

मोठ्या परिषदांमध्ये भाषेचा अडथळाही मोठा असतो. अशाच एका परिषदेत मी आमच्या भागातल्या काही आरोग्यसेविकांना घेऊन गेले होते. दिवसभर पडद्यावर इंग्रजी मजकूर येत राहिला आणि वक्ते तोच वाचून दाखवत राहिले. परतीच्या बसमध्ये त्यांच्यापैकी एकीने मला विचारले की झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस उपकेंद्रातच द्यायचा की पुढे पाठवायचे. दिवसभराच्या चार सत्रांत याचे उत्तर दोनदा येऊन गेले होते. दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम देऊन मगच पुढे पाठवायचे, एवढे वाक्य मराठीत कुणी म्हटले असते, तर एवढ्या प्रवासाचे सार्थक झाले असते. ते मी बसमध्ये सांगितले. इंग्रजीला माझा विरोध नाही, कारण औषधांची आणि अवस्थांची इंग्रजी नावे आमच्या रोजच्या बोलण्यात मुरलेली आहेत. विवेचन मात्र जिच्या कानावर पडायचे तिच्या भाषेत झाले पाहिजे, आणि कोलामी, गोंडी जाणणारी एखादी आशाताई सोबत असेल तर अधिकच चांगले.

आता तारखेविषयी, कारण परिषद भरवणारे याच ठिकाणी चुकतात. प्रत्येक महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, त्या दिवशी कुणीही येऊ शकत नाही. लसीकरणाचे दिवस ठरलेले असतात, महिनाअखेरीला अहवाल असतात, मध्येच एखादी शोधमोहीम लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका दिवसभर वावरात असल्यामुळे गृहभेटी संध्याकाळी कराव्या लागतात. मेळावा ठेवायचा तर हे सगळे पाहून ठेवावा, आणि आरोग्यसेविकेच्या गैरहजेरीत तिचे उपकेंद्र कोण सांभाळणार, याचा लेखी आदेश तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून आधीच घ्यावा. प्रवासखर्च मिळावा, कंत्राटी सेविकांनाही मिळावा, आणि हजेरी कर्तव्यकाल म्हणून धरली जावी. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण त्या झाल्या नाहीत तर मेळाव्याला पुन्हा आम्ही अध्यापिकाच उरतो.

निरंतर शिक्षणाच्या तासांचा मुद्दाही इथेच येतो. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी हे तास लागतात, हे योग्यच आहे, आणि जिच्या हातात दोन जीव असतात तिने शिकत राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण तास भरण्यासाठी परिषद आणि परिषदेसाठी शुल्क, असे चक्र सुरू झाले की ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्याच बाजूला पडतात. तालुक्याच्या मेळाव्यात पुतळीवर नवजात बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचा सराव झाला, प्रत्येकीने बॅग आणि मास्क स्वतः हाताळून दाखवला, तर त्या तासांचे मोल सभागृहातल्या तासांइतकेच धरले गेले पाहिजे. राज्य परिचर्या परिषदेकडे (नर्सिंग कौन्सिलकडे) आणि आमच्या संघटनेकडे माझी हीच विनंती राहील, की अशा छोट्या मेळाव्यांना मान्यता मिळवण्याची पद्धत सोपी करावी.

ग्रामीण भागातली साधी बाई योग्य शिक्षण मिळाल्यावर काय करू शकते, याचा पुरावा शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले, आणि त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन, तापमान, श्वास पाहू लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देऊ लागल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला, आणि २०११ पासून आशांमार्फत होणारी घरपोच नवजात बालसेवा देशभर सुरू झाली ती त्याच पायावर. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावात राहून शिकण्याची सवय लावली गेली. या दोन्ही ठिकाणी शिकणे गावापर्यंत गेले आणि गावाकडून परतही आले. परिचर्येच्या आमच्या शिक्षणात हा परतीचा रस्ता अजून कच्चा आहे.

तो पक्का करण्याची वेळ आत्ताच आहे, असे मला वाटते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसविकासेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अनुभवी परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण ठरवले, म्हणजे गुंतागुंत नसलेली बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करणारी, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार शिकलेली प्रसविका तयार व्हावी. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला, तो १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी. नवे अभ्यासक्रम, नवे निकष पुढच्या काळात ठरत जातील. ते ठरवणाऱ्यांपर्यंत उपकेंद्रातला अनुभव पोहोचायचा असेल, तर तो कुठेतरी मांडला, लिहिला आणि एकत्र केला गेला पाहिजे. आमच्या मेळाव्यात प्रत्येक अनुभवकथनाची टिपणे एक विद्यार्थिनी मराठीत घेते, ती मूळ सांगणारीला वाचून दाखवते आणि मग आम्ही ती पुढच्या तुकडीच्या शिकवण्यात वापरतो. जमिनीवरच्या बाळंतपणाचे टिपण आता आमच्या मुली प्रात्यक्षिकाआधी वाचतात.

एका गोष्टीकडे मात्र आम्ही अजून पुरेसे वळलेलो नाही. सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक, आजार विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आहे आणि २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. सिकलसेलची गरोदर स्त्री म्हणजे तीव्र रक्तक्षय, अचानक उठणाऱ्या वेदना, जंतुसंसर्गाचा धोका आणि रक्ताची तातडीने लागणारी गरज. तिला कोणत्या महिन्यापासून जिल्हा रुग्णालयाशी जोडून द्यायचे, कळा सुरू झाल्यावर तिला पाणी कमी पडू नये आणि थंडी वाजू नये यासाठी काय करायचे, नवऱ्याची तपासणी कशी आणि कोणत्या शब्दांत सुचवायची, हे पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत आटोपते. आमच्या भागातल्या कित्येक आरोग्यसेविकांनी अशा स्त्रिया वर्षानुवर्षे सांभाळल्या आहेत, आणि नागपूरच्या तज्ज्ञांनाही त्यांच्याकडून ऐकण्यासारखे पुष्कळ आहे.

म्हणून पुढच्या मेळाव्याचा विषय आम्ही सिकलसेल आणि गरोदरपण हा ठेवला आहे. वक्ता म्हणून एका रक्तविकारतज्ज्ञाला बोलावू, पण त्यांचे बोलणे दुपारी ठेवू. सकाळचे सत्र आरोग्यसेविकांचे असेल, आणि त्यांनी सांगितलेल्या प्रसंगांवरच दुपारी तज्ज्ञांनी बोलावे, अशी त्यांना आधीच विनंती करू. तारीख तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या आदेशानंतर ठरेल. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटात काम करणाऱ्या ज्या भगिनी हे वाचत असतील, त्यांनी आपण सांभाळलेल्या एका सिकलसेलग्रस्त गरोदर स्त्रीचा अनुभव, तिचे नाव-गाव न देता, साध्या मराठीत पानभर लिहून आणावा.